एकत्र राहणारा इसम

माइझुरूहून आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र इहारा शिनो या बाईंचं होतं. पाकिटावर माझा पत्ता आधी पेन्सिलीनं लिहून मग पेनानं गिरवलेला होता, आणि पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या राहून गेल्या होत्या. आत एकच कागद.

“हिगाशिदे सेन्सेई, तुम्हाला त्रास देते, क्षमा असावी. मागच्या शरदात तोकुजींनी मला एका कागदावर सही करायला सांगितली. आगीच्या विम्याचा कागद आहे म्हणाले. मी वाचला नाही. आता त्यांचा पुतण्या सांगतो, ते माझ्या नावानं घर करून द्यायला निघाले होते, पण ऐन वेळी त्यांनीच नोटरीची तारीख पुढे ढकलली, म्हणजे त्यांच्या मनातून नव्हतं. मी सही केली तो कागद हक्क सोडल्याचा असेल, असंही म्हणतो. घराचं काही नाही, घर गेलं. पण तारीख त्यांनी स्वतः पुढे ढकलली हे खरं का? आणि मी सही कशावर केली? दोन ओळींत कळवाल का?”

मी ते पत्र टेबलाच्या खालच्या खणात, टाकांच्या डबीखाली ठेवलं. फेकलं नाही. पुन्हा वाचलंही नाही, पाठच झालं होतं. अशी सहा वर्षं गेली.

वाकासाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात मी अर्जनवीस आहे. ‘होतो’ म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही. लोकांचे अर्ज लिहायचे, दाखले मागवायचे, नोटरीकडचे कागद तयार करून त्यांच्या वतीनं फी भरायची, हे माझं काम. लोक डॉक्टरला आणि शाळेतल्या मास्तरांना म्हणतात तसं मलाही सेन्सेई म्हणतात. ती हाक ऐकली की अजूनही मला मागे वळून बघावंसं वाटतं, खरा सेन्सेई कोणी उभा आहे का.

परवाना सरकारचा, त्यामुळे नियमही सरकारचे. प्रत्येक कामाची वहीत एक ओळ पाहिजे: तारीख, अशिलाचं नाव आणि पत्ता, कामाचं स्वरूप, मेहनताना, पुढे भरलेली फी. वर्षाअखेर वही बंद करायची आणि बंद केल्यावर दोन वर्षं जपायची. चूक झाली तर खोडायचं नाही. दोन सरळ रेघा मारायच्या, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपला शिक्का. अशिलाबद्दल जे कळेल ते बाहेर बोलायचं नाही, परवाना परत केल्यावरही नाही. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला हा शेवटचा नियम फार सोयीचा होता. गप्प बसण्याबद्दल दुसरीकडे कुठे मान मिळाला असता?

तोरिगोए तोकुजी पहिल्यांदा आले ते पर्सिमन पिकायच्या दिवसांत. जेवणाच्या लाखी काड्या करणारा कारागीर. लाकडावर शिंपल्याचा चुरा बसवायचा, वर लाखेचे थर चढवायचे, आणि मग खालचा शिंपला उजळेपर्यंत घासत बसायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. नखांत लाख कायमची बसलेली. ते दारातच थांबले आणि माझ्या भिंतींकडे बघत म्हणाले,

“तुम्ही पुस्तकं विकता का अर्ज लिहिता?”

“अर्ज लिहितो.”

“मग एवढी पुस्तकं कशाला मांडलीत? माणूस घाबरतो ना आत यायला.”

त्यांना मृत्युपत्र करायचं होतं. “घर शिनोला. हत्यारं जो मागेल त्याला. कंबरदुखी आहे, ती पुतण्याला द्या, एवढंच आहे माझ्याकडे.”

सव्वीस वर्षं ती दोघं एका घरात राहत होती, पण लग्नाची नोंद नव्हती. तोकुजींच्या माघारी घर सरळ ओसाकाच्या पुतण्याकडे गेलं असतं. मी म्हटलं, “मग लग्नाचीच नोंद का नाही करत? मृत्युपत्रापेक्षा सोपं, आणि माझा मेहनतानाही वाचेल.”

“तिला आडनाव सोडायचं नाही.”

नोंद करायची तर दोघांपैकी एकाला आडनाव सोडावंच लागतं. शिनोबाईंना पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगा होता, मिनोरू. शाळेत घातला त्याच वर्षी तो गेला, पुढे नवराही गेला.

“ती म्हणते, इहारा आडनावात आता ते पोर एकटंच आहे,” तोकुजी म्हणाले. “म्हणते, मीही सोडलं तर त्याच्याजवळ कोण राहील? मी म्हटलं, बरं, मग मीच इहारा होतो. तर संध्याकाळपर्यंत हसत होती. म्हणे, दुकानाच्या पाटीवर काय लिहिणार, ‘इहारा, पूर्वीचे तोरिगोए’?”

मीही हसलो. मला अशिलांसमोर सहसा हसू येत नाही.

त्सुरुगाच्या नोटरीकडे तारीख ठरली. फीची रक्कम मी तोकुजींकडून घेऊन ठेवली आणि वहीत ओळ घातली. घर ज्याला द्यायचं तो नात्यातला नसेल तर नोटरी त्याची रहिवासनोंद मागतो, म्हणून शिनोबाईंची नोंद काढून आणली. मग मसुदा तयार केला आणि तोकुजींना समोर बसवून वाचून दाखवायला लागलो.

“‘…सदर घर व त्याखालील जमीन, माझ्यासोबत एकत्र राहणारा इसम, इहारा शिनो, यांस…’”

“थांबा. कोण?”

“इहारा शिनो.”

“त्याच्या आधी काय म्हणालात?”

“एकत्र राहणारा इसम.”

“इसम?” त्यांनी घरात कोणी शिरलं असावं तसं मागे बघितलं. “आमच्या घरात कोण इसम आहे?”

मी त्यांना रहिवासनोंद दाखवली. कुटुंबप्रमुख तोरिगोए तोकुजी. खाली इहारा शिनो, आणि नात्याच्या रकान्यात तोच शब्द. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“सव्वीस वर्षं माझे मोजे रफू करते ती. हे कुठल्या गाढवानं लिहिलं?”

“घरात नवं माणूस राहायला आलं की पालिकेच्या खिडकीत नातं विचारतात. सांगाल ते लिहितात. बहुधा त्यांनी स्वतःच सांगितलं असेल.”

त्यांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “तिनंच सांगितलं असणार. खिडकीशी उभी राहिली की तिला घाम फुटतो. मागे माणसं खोळंबलेली. काय सांगणार बिचारी, मी त्याची कोण ते?” आणि थोड्या वेळानं, “मी गेलो नव्हतो बरोबर. लाखेचा थर वाळत होता. थर वाळतोय म्हणून घरी बसलो होतो मी.”

मी हळू आवाजात सांगितलं, माझा आवाज हळूच असतो, की मृत्युपत्रातून हा शब्द गाळता येतो. नाव, जन्मतारीख, पत्ता पुरे. नोटरीची हरकत नसते. घर त्यांनाच मिळेल.

“गाळायचा? मग ती कोण?”

“कोणी नाही. म्हणजे… कायद्याला चालतं.”

“कायद्याला चालू दे. तो कागद तिच्या हातात पडेल तेव्हा मी नसणार ना? समजावून सांगायला मी नसणार. तुम्ही एवढं वाचता सेन्सेई, याला दुसरा शब्द नाही का?”

शब्द होता. पालिकेच्या नोंदीत तो चालतोही, पण फार कोणाला ठाऊक नसतो. मी कोऱ्या कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवला: पत्नी (नोंद न झालेली).

त्यांनी ओठ हलवत वाचला. “पत्नी.”

“कंसात ते दुसरं येणार.”

“येऊ दे. मी कंसाला भीत नाही.”

दोघांपैकी कोणाचं दुसरीकडे लग्न नाही हे आधी दाखवावं लागतं, त्यासाठी जन्म, लग्न, मृत्यू लिहिलेल्या दोघांच्या कुटुंबनोंदी लागतात. तोकुजींची गावातच होती. शिनोबाईंची होती ओकी बेटांवर, त्यांच्या सासरच्या गावी. ती मागवायला त्यांच्या सहीचं मुखत्यारपत्र पाहिजे. तोकुजी म्हणाले, सही मी आणतो, तिला सांगायचं नाही. नव्या वर्षाच्या सकाळी जेवणाच्या ताटाशेजारी दुरुस्त दाखला ठेवीन.

“न सांगता सही कशी घेणार?”

“आगीचा विमा म्हणेन. मी सांगेन तिथे सही करते ती.” ते उठता उठता थांबले. “आणि मी तिला इसम करून ठेवलं.”

तेव्हाच मी अडवायला हवं होतं का? घर आधी, शब्द नंतर, असं मी म्हणू शकलो असतो. मृत्युपत्र आज करू, नोंद सावकाश दुरुस्त करू, पुढे वाटलं तर मृत्युपत्र पुन्हा लिहू. हे मला सुचलं नाही असंही नाही. पण जन्मभर मी शब्दांत राहिलो, आणि एका शब्दासाठी अडून बसलेलं माणूस माझ्या दारात कधी आलं नव्हतं. मला आनंद झाला होता. तो आनंद आठवला की आजही मला चोरट्यासारखं वाटतं.

त्यांनी सही आणली त्या दिवशी मी वही उघडली. कुटुंबनोंद मागवायचे छापील अर्ज आम्हाला क्रमांक घालून मिळतात, प्रत्येक अर्जाची वहीत स्वतंत्र ओळ लागते. कामाच्या स्वरूपात मी लिहायला लागलो आणि हाताच्या सवयीनं लिहून गेलो, ‘एकत्र राहणारा इसम’. तोकुजी वरून बघत होते.

“झालं! पुन्हा आणलंत त्याला आत?”

मी ओशाळलो. दोन रेघा मारल्या, बाजूला ‘पत्नी (नोंद न झालेली)’ लिहिलं आणि शिक्का उमटवला. त्यांनी खिशातून आपला शिक्का काढला.

“अशिलाच्या शिक्क्याची गरज नसते.”

“असू दे. चूक माझ्या घरची आहे.” त्यांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि माझ्या शिक्क्याशेजारी तो दाबला. लाल रंगात, थोडा तिरका: तोरिगोए.

मी त्सुरुगाला फोन करून नोटरीची तारीख पुढे घेतली. तिथल्या लेखनिक बाईंनी विचारलं, “कोणाच्या विनंतीवरून?” मी म्हटलं, “अशिलाच्या.” वहीतही तेच लिहिलं. खरंच होतं ते.

त्या वर्षी समुद्र लवकर खवळला. ओकीच्या बोटी सुटत, परत फिरत, मग बंदच झाल्या. तोकुजी येता-जाता डोकावत.

“आलं का?”

“बोट बंद आहे.”

“तिच्या सासरचा समुद्र तो. माझं काम कशाला करतोय!” असं म्हणून ते जात. एकदा त्यांनी मला काड्यांचा एक जोड आणून दिला. “पुस्तक वाचत जेवत असाल तुम्ही. या घरंगळत नाहीत.” मी खरंच पुस्तक वाचत जेवतो. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

डिसेंबरात एका सकाळी मी भाजलेला बांगडा आणायला कुमेबाईंच्या दुकानात गेलो. त्या निखाऱ्यांवरच्या सळ्या फिरवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

“ऐकलंत ना सेन्सेई, तोकुजी-सानचं?”

“काय?”

“गेले की. काल दुपारी, जेवता जेवता. शिनो-सान म्हणत होत्या, हातातल्या काड्यासुद्धा खाली पडल्या नाहीत.”

दुपारच्या टपालानं ओकीचं पाकीट आलं. मी ते उघडलं. शिनोबाईंच्या नवऱ्याचा मृत्यू, मिनोरूचा मृत्यू, त्यानंतर कसलीही नोंद नाही. सगळं जसं पाहिजे तसं होतं. पण नातं दुरुस्त करायचा अर्ज कुटुंबप्रमुखानं द्यायचा असतो.

पुतण्या अंत्यविधीनंतर आला, तोरिगोए कात्सुहिको. वाईट माणूस नव्हता. ओसाकाची मिठाई घेऊन आला, माझ्यापेक्षा खाली वाकून नमस्कार केला. नोटरीच्या फीची ठेव वारसाला परत करायची आणि हिशेबाचा कागद द्यायचा, असा नियम. त्यानं कागद वाचला.

“‘अशिलाच्या विनंतीवरून तारीख पुढे.’ म्हणजे काकांनीच?”

“हो.”

“का बरं?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“समजलं, समजलं.” तो हसला. “काका असेच. तोंडावर हो म्हणायचं आणि मागच्या दारानं पळायचं. माझ्या लग्नालासुद्धा येतो म्हणून आले नाहीत.” मग हसू आवरून म्हणाला, “बाईंना वाईट वाटेल. पण उगाच आशा लावून ठेवण्यापेक्षा सांगितलेलं बरं, नाही का?”

मी मान लववली. त्यानं ती होकारार्थी घेतली असणार. उन्हाळ्यापर्यंत घर पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली होती, आणि शिनोबाई चुलतबहिणीकडे माइझुरूला गेल्या होत्या. तिथून त्यांचं पत्र आलं.

उत्तर लिहायला मी बसलोच नाही असं नाही. आमच्याकडे पत्राचं पहिलं वाक्य ऋतूचं असतं. ते लिहायचो, ‘सिकाडा किड्यांचा आवाज ओसरू लागला आहे’, आणि तिथेच थांबायचो. मग दहिवराचं वाक्य लिहिलं, पुढे प्लमच्या फुलांचं. सहा वर्षांत माझ्याकडे सगळ्या ऋतूंची वाक्यं जमली, पत्र एकही नाही. तोकुजी माझे अशील, त्यांचं गुपित माझ्यापाशी ठेव आहे, असं मी स्वतःला बजावत होतो. पण नियम नसता तरी मी काय लिहिलं असतं? तुम्हाला पत्नी म्हणायचं म्हणून ते थांबले, आणि थांबले म्हणून तुमचं घर गेलं? तुमच्याबद्दलचा एवढा मोठा मान, आणि त्याची किंमत तुम्हीच भरली? सांगितलं तर जास्त दुखेल की न सांगितलं तर, हे मला ठरवता येईना. ठरवता येत नाही असं म्हणत राहणं मला नेहमीच जमतं.

या वसंतात मी परवाना परत केला. डोळे साथ देईनात. माझी अपुरी कामं त्सुरुगाच्या सेगावा-सान यांनी घेतली, पन्नाशीच्या, आधी दवाखान्यात परिचारिका होत्या, उरकून टाकणाऱ्या. वह्या नष्ट करायला गाडी येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी त्या खोकी बांधायला आल्या. कपाट उघडून त्यांनी कपाळावर हात मारला.

“सेन्सेई! दोन वर्षं ठेवायच्या असतात. तुम्ही चाळीस वर्षांच्या ठेवल्यात? कोंड्यात मुरवलेला बांगडा आहे का हा, जितका जुना तितका चांगला?”

“टाकवल्या नाहीत.”

“दिसतंय ते. बाजूला व्हा, तुम्ही वाचत बसाल.”

वाचत त्याच बसल्या. खोक्यात टाकण्याआधी पानं चाळायची सवय आम्हा सगळ्यांनाच असते. एका वहीशी थांबून त्यांनी विचारलं, “या दुरुस्तीवर दोन शिक्के कसे? तुमचा समजला. हे तोरिगोए कोण?”

“अशील.”

“अशील इहारा शिनो आहे.”

“नाही, अशील तोरिगोए. इहारा म्हणजे ज्यांना घर द्यायचं होतं त्या.”

“मृत्युपत्राची ओळ वरची. ती तोरिगोएंची. ही तिच्याखालची, कुटुंबनोंद मागवल्याची.” त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे धरली. “अशिलाचं नाव, इहारा शिनो. अक्षर तुमचंच आहे ना?”

अक्षर माझंच होतं. मुखत्यारपत्रावर ज्याची सही त्याचं काम, त्याच्याच नावानं ओळ. हा नियम मला झोपेतही येतो, म्हणूनच लिहिताना मी विचार केला नव्हता. तोकुजी समोर बसले होते, पैसे त्यांनी दिले होते, बोलले सगळं ते. कागदावर अशील शिनोबाई होत्या.

“काम झाल्याचं त्यांना कळवलं होतंत?” सेगावा-सान यांनी विचारलं.

मी खालचा खण उघडला, टाकांची डबी बाजूला केली आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

“‘मी सही कशावर केली,’” त्या म्हणाल्या. “सेन्सेई, हे तर त्यांचं स्वतःचं काम आहे. त्यांचं त्यांना सांगायला कसली बंदी?”

मी त्यांना सगळं सांगितलं. बाहेरच्या कोणाला सांगत नव्हतो, कामं त्यांच्याकडे सोपवलेली होती. तरी दोनदा दाराकडे बघितलं.

“मग लिहा,” त्या म्हणाल्या. “पण तारखा घालू नका. तारखा कळल्या की त्या बोटांवर मोजतील. आधी ठरलेल्या तारखेला नोटरीकडे गेले असते तर घर राहिलं असतं, हे त्यांना लगेच कळेल.”

“पुतण्याच्या हातात माझ्या सहीचा कागद आहे. त्यावर तारीख आहे,” मी म्हटलं. “त्याच्यापुढे माझं बिनतारखेचं पत्र म्हणजे म्हाताऱ्यानं घातलेली समजूत.”

ती वही त्यांनी खोक्यात टाकली नाही, टेबलावर ठेवली.

पत्ता अजून तोच आहे का, हे विचारायला मी कुमेबाईंकडे गेलो. दोनदा दुकानावरून पुढे गेलो. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली.

“बांगडा पाहिजे का नुसता वास घेताय?”

“शिनो-सान कुठे असतात हल्ली?”

“माइझुरूलाच. बहीण वारली, आता एकट्याच आहेत. नव्या वर्षाचं कार्ड येतं की. यंदाचं शेजारणीनं लिहिलेलं. डोळे फार गेलेत म्हणे त्यांचे, आलेलं पत्रही शेजारीणच वाचून दाखवते.” मग सळी फिरवायची थांबवून, “तुम्ही कशाला विचारताय?”

“काम होतं.”

“इतक्या वर्षांनी?”

मी दोन बांगडे घेतले. एक पुरला असता.

शेजारणीनं मोठ्यानं वाचायचं पत्र नव्हतं ते. घरी आल्यावर मी नव्या वर्षाच्या कार्डांचा जाड कुंचला काढला, शाई उगाळली आणि मोठे कागद घेतले. एका कागदावर दोन-तीन ओळीच मावतील एवढं मोठं अक्षर धरलं. ऋतूचं वाक्य गाळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गाळलं असेल.

“इहारा शिनो-सान, तुम्ही सही केलीत तो कागद हक्क सोडल्याचा नव्हता. ओकीहून तुमची कुटुंबनोंद मागवायची परवानगी तुम्ही मला दिली होती. ते काम तुमच्या नावानं माझ्या वहीत आहे. कामाचं कारण असं: पालिकेच्या नोंदीत तुमचं नातं ‘एकत्र राहणारा इसम’ असं लागलेलं होतं. ते बदलून ‘पत्नी’ करायचं होतं. तसं सांगणारे तोकुजी-सान. वहीत माझ्या हातून जुनाच शब्द पडला, तेव्हा मी त्यावर दोन रेघा मारल्या आणि त्यांनी शेजारी स्वतःचा शिक्का उमटवला. तारीख अकरा नोव्हेंबर. नोटरीची तारीख पुढे ढकलली ती त्याच दिवशी, याच कामासाठी. तुमची कुटुंबनोंद माझ्याकडे सतरा डिसेंबरला पोचली. सोबत पाठवत आहे. उशिराबद्दल क्षमा मागण्याचं मला तोंड नाही.”

‘पत्नी’ या शब्दाला अर्धा कागद गेला. कंसातलं ‘नोंद न झालेली’ लिहिलं नाही. मुद्दाम गाळलं की जागा पुरली नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. आमच्या कामात असं चालत नाही. मी दुसरा कागद घेतला, कुंचला शाईत बुडवला, आणि तसाच खाली ठेवला.

ओकीहून आलेला जुना कागद घडी करून आत घातला, मिनोरूचं नाव बाहेर येणार नाही अशी. मग ती वही उघडली. बंद झालेल्या वहीत नवी ओळ घालता येत नाही, म्हणून शिनोबाईंच्या ओळीला एक कागद चिकटवला: ‘काम पूर्ण झाल्याचं अशिलास आज कळवलं.’ तारीख घातली, शिक्का मारला. परवाना परत केलेल्या माणसाच्या शिक्क्याला काही अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि ती वहीही बाकीच्यांबरोबर गेली. सेगावा-सान यांनी गाडीवाल्याला थांबवून विचारलं, “सेन्सेई, ही ठेवायची का?” मी म्हटलं, “दोन वर्षं कधीच होऊन गेलीत.”

गाडी वळणाआड गेल्यावर मी टोपी घातली आणि पाकीट घेऊन निघालो. तोकुजींचं घर होतं त्या जागेवरून जावं लागतं. तिथे एकच पांढरी गाडी उभी होती. टपालपेटीशी आल्यावर पत्ता पुन्हा वाचला, तिकिटं पुन्हा मोजली. मोठ्या अक्षरांमुळे पाकीट फार जाड झालं होतं, पेटीच्या तोंडात जाईना. मी ते दोन्ही हातांनी दाबलं, एक कोपरा वाकवला आणि आत ढकललं. ते आत पडलं.